एका मुलीच्या जबाबासाठी फ्रान्सला : झान दार्कवरचा तीन आठवड्यांचा कोर्स नेमका असतो काय?

गेल्या महिन्यात माझ्या एका विद्यार्थिनीची आई भेटायला आली. हातात दोन पानांची प्रिंटआउट होती. मुलीचं फ्रेंचच्या डिप्लोमाचं दुसरं वर्ष झालं होतं आणि सुट्टीत तिला तीन आठवड्यांच्या कोर्ससाठी फ्रान्सला जायचं होतं. विषय एकच, जोन ऑफ आर्क, पंधराव्या शतकात फ्रान्सच्या राजासाठी लढलेली आणि जिवंत जाळली गेलेली मुलगी. आईने कागद टेबलावर ठेवला आणि सरळ विचारलं, “मॅडम, जेमतेम एकोणीस वर्षं जगलेली मुलगी. तिच्यावर तीन आठवडे शिकवणार तरी काय? आणि त्यासाठी तिथवर कशाला जायचं?”

प्रश्न रास्त आहे. एका विषयावरचे असे छोटे परदेशी कोर्स आता बरेच निघालेत, पैसे पालकांनाच भरायचे असतात, आणि माहितीपत्रकातला मजकूर वाचून काही उलगडा होत नाही. त्या ताईंना मी तासभर जे सांगितलं, तेच इथे लिहिते आहे.

आधी नाव नीट करून घेऊ

तिची ओळख आपल्याला इंग्रजीतून झाली, म्हणून आपण ‘जोन ऑफ आर्क’ म्हणतो; फ्रेंचमध्ये ती झान दार्क. त्यामुळे आर्क हे तिचं गाव असावं असा अनेकांचा समज होतो. तिचं गाव दोंरेमी, पूर्व फ्रान्समध्ये म्यूज नदीच्या काठी. ‘दार्क’ हे वडिलांचं आडनाव. वडील झाक दार्क, आई इझाबेल रोमे. जन्म साधारण १४१२ चा. नक्की तारीख नाही, कारण शेतकऱ्याच्या मुलीची तारीख तेव्हा कोण लिहून ठेवणार?

ती स्वतःला ‘झान ला प्युसेल’ म्हणवून घेई, म्हणजे कुमारिका झान. कोर्टात नाव विचारल्यावर तिने सांगितलं की गावाकडे मला झानेत म्हणायचे, फ्रान्सात आल्यावर झान म्हणू लागले. हे वाक्य मी विद्यार्थ्यांना दोनदा वाचायला लावते. ‘फ्रान्सात आल्यावर’! दोंरेमी सरहद्दीवरचं गाव. तिथल्या माणसाच्या तोंडी ‘फ्रान्स’ म्हणजे पलीकडचा मुलूख. जिला आज सारा देश आपली मानतो, तिच्या लेखी तो देश थोडा दूरच होता. चांगला कोर्स अशा एका वाक्यावर थांबतो, नकाशा उघडतो आणि तासभर तिथेच राहतो.

भांडण होतं वारसाहक्काचं

शंभर वर्षांचं युद्ध हे नाव ऐकून दडपण येतं. इंग्लंड आणि फ्रान्सच्या राजघराण्यांमध्ये १३३७ ते १४५३ या काळात थांबत-थांबत चाललेल्या लढायांना हे नाव पुढे मिळालं. झानपुरतं त्यातलं एकच प्रकरण समजलं तरी पुरे, आणि ज्यांच्या घरात सातबाऱ्यावरून वाद झालाय त्यांना ते लगेच कळेल.

फ्रान्सचा राजा सहावा चार्ल्स याला वेडाचे झटके यायचे. १४१५ मध्ये अझँकूरच्या लढाईत इंग्रजांनी फ्रेंच सरदारांची एक पिढीच कापून काढली. १४१९ मध्ये फ्रान्समधल्याच एका बलाढ्य सरदाराचा, बर्गंडीच्या ड्यूकचा, एका पुलावर, राजपुत्राच्या माणसांकडून, बोलणी चालू असताना खून झाला, आणि बर्गंडीवाले चिडून इंग्रजांना मिळाले. मग १४२० मध्ये त्र्वा गावी तह झाला. त्यात आजारी बापाने पोटच्या मुलाचं नाव कमी केलं आणि सगळी मिळकत जावयाच्या नावावर चढवली. जावई म्हणजे इंग्लंडचा राजा पाचवा हेन्री. १४२२ मध्ये जावई आणि सासरा दोघंही दोन महिन्यांच्या अंतराने वारले. नोंद उरली जावयाच्या तान्ह्या बाळाच्या नावावर, आणि कारभार गेला बाळाच्या काकाकडे. डावललेला मुलगा, तोही चार्ल्सच, ल्वार नदीच्या दक्षिणेला बसून ‘मीच राजा’ म्हणत राहिला. पण पॅरिस त्याच्या हातात नव्हतं आणि अभिषेकही झालेला नव्हता.

अभिषेक न झालेल्या राजाची अवस्था काय असते, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. फ्रान्सचे राजे रँसच्या कॅथेड्रलमध्ये तिथल्या पवित्र तेलाने अभिषिक्त होत, आणि रँस शत्रूच्या ताब्यातल्या मुलखात होतं.

इथे झान येते. १४२९ च्या फेब्रुवारीत वोकुलरच्या किल्लेदाराला गळ घालून ती पुरुषी वेशात, मोजक्या सोबत्यांनिशी निघाली आणि अकरा दिवसांत शिनोंला चार्ल्ससमोर पोचली. वय साधारण सतरा. ऑक्टोबरपासून वेढ्यात अडकलेल्या ओर्लेआं शहरात ती २९ एप्रिलला शिरली. ८ मे रोजी वेढा उठला. १७ जुलैला रँसमध्ये चार्ल्सला अभिषेक झाला. पुढच्या वर्षी २३ मे रोजी काँपिएन्यजवळ बर्गंडीवाल्यांनी तिला पकडलं आणि इंग्रजांनी १०,००० लिव्र मोजून विकत घेतलं. रुआं शहरात चर्चच्या कोर्टात खटला चालला आणि ३० मे १४३१ रोजी भर बाजारात तिला जिवंत जाळलं.

गोष्ट एवढीच असती तर दोन तासांत संपली असती. तीन आठवडे लागतात ते कागदांना.

लिहिता न येणाऱ्या मुलीचा आवाज कागदावर कसा राहिला?

“मला ना अ येतो ना ब,” असं ती स्वतः म्हणे. तरी पंधराव्या शतकातल्या कुठल्याही शेतकरी बाईपेक्षा तिचं बोलणं आपल्याकडे जास्त शिल्लक आहे. का? तर तिला मारणाऱ्यांनी ते लिहून ठेवलं.

पोलीस ठाण्यात जबाब दिला असेल तर कल्पना येईल. आपण आपल्या बोलीत सांगतो, “तो आला आन् ओरडाया लागला.” कागदावर उमटतं, “सदर इसमाने मोठमोठ्याने आरडाओरडा केला.” माणूस तोच, घटना तीच, आवाज मात्र बदलतो. झानच्या बाबतीत हे दोनदा झालं. ती फ्रेंचमध्ये बोलली. मांशों नावाचा लेखनिक आणि त्याचा जोडीदार फ्रेंचमध्येच टिपणं घेत. ती टिपणं संध्याकाळी ताडून बघितली जात. पुढे त्यावरून अधिकृत लॅटिन प्रत तयार झाली, आणि “मी म्हणते”चं “ती म्हणाली” झालं. लॅटिन प्रती पाच केल्या, त्यांतल्या तीन आज पॅरिसमध्ये आहेत. मूळ फ्रेंच टिपणांच्या नकलेचा फक्त काही भाग उरला आहे.

कोर्समधला पहिला खरा अभ्यास इथे सुरू होतो. एकच उत्तर फ्रेंचमध्ये आणि लॅटिनमध्ये शेजारी-शेजारी ठेवायचं आणि काय गळलं, काय गुळगुळीत झालं ते शोधायचं. मोडी कागदावर काम केलेल्या माणसाला हा खेळ ओळखीचा वाटेल.

आणि इतक्या गाळण्यांतूनही ती ऐकू येते, याचंच नवल वाटतं. तिला संत दिसत, त्यांचे आवाज ऐकू येत; त्यांतले एक सेंट मायकेल, म्हणून न्यायाधीश विचारतात, तो नग्न होता का? ती म्हणते, “देवाकडे त्याला घालायला कपडे नाहीत असं वाटतं का तुम्हाला?” त्याला केस होते का? “कापले असतील कशाला?” सेंट मार्गारेट इंग्रजी बोलते का? “ती इंग्रजांच्या बाजूची नाही, तर इंग्रजी कशाला बोलेल?” शिवण-कताईत रुआंतल्या कुठल्याही बाईला मी हार जाणार नाही, हेही तिनेच सांगितलंय.

सगळ्यात गाजलेलं उत्तर २४ फेब्रुवारी १४३१ चं. “तू ईश्वराच्या कृपेत आहेस का?” हा सापळा होता. ‘हो’ म्हटलं तर गर्व, कारण चर्चच्या शिकवणीप्रमाणे हे कुणालाच खात्रीने ठाऊक नसतं. ‘नाही’ म्हटलं तर पापाची कबुली. ती म्हणाली, “नसेन, तर देव मला तिथे नेवो, असेन, तर देव मला तिथेच ठेवो.” विचारणारे थक्क झाले, असं दुसऱ्या लेखनिकाने पुढे सांगितलं आहे.

कागद शत्रूचा, मग विश्वास कसा ठेवायचा?

हा आक्षेप प्रत्येक वर्गात येतो आणि यायलाच हवा. न्यायाधीश कोशों हा बोव्हेचा बिशप, इंग्रजांचा माणूस. कैदी इंग्रजांच्या किल्ल्यात, साखळदंडात, पहाऱ्यावर इंग्रज शिपाई. निकाल काय लागणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

पण त्या निकालाचा उपयोग कशासाठी होता, हे पाहिलं की कागदाची किंमत कळते. नुसतं मारायचंच असतं तर खटला कशाला भरला असता? इंग्रजांना युरोपभर दाखवायचं होतं की चार्ल्सला अभिषेकापर्यंत नेणारी बाई पाखंडी होती, म्हणजे त्याचा मुकुटही डागाळलेला. पाखंड म्हणजे चर्चच्या शिकवणीविरुद्धचं मत हट्टाने धरून ठेवणं. हे पटवायला कागद चोख लागतो, लेखनिकांच्या सह्या लागतात, आरोपीची उत्तरं लागतात. तिला वाईट ठरवण्यासाठीच त्यांना तिचं बोलणं जपावं लागलं.

त्या कागदात खाडाखोड झालीच नसेल असं नाही. मांशोंनेच पुढे साक्ष दिली की सुरुवातीला पडद्याआड दुसरे लेखनिक बसवले होते, त्यांचं लेखन त्याच्याशी जुळत नसे, आणि त्याच्यावर दबाव येई. म्हणून वाचताना सतत विचारायचं, हे वाक्य कोणाच्या सोयीचं आहे? तिच्या शत्रूंना अडचणीचं असूनही एखादं उत्तर कागदावर राहिलं असेल, तर त्याचं वजन जास्त.

समासातले दोन शब्द

मला सगळ्यात अस्वस्थ करणारी जागा २८ मेच्या पानावर आहे.

चार दिवस आधी, २४ मे रोजी, सँ-उआँच्या दफनभूमीत लोकांसमोर तिने माघार घेतली. जाळण्याची धमकी समोर होती. तिने कबुलीखाली खूण केली, बायकी कपडे घातले, शिक्षा जन्मठेपेची झाली. चर्चच्या नियमाप्रमाणे पहिल्यांदा माघार घेणाऱ्याला जाळता येत नाही. पण माघार घेऊन पुन्हा तिथेच गेलेल्याला ‘रलाप्स’ म्हणत, आणि त्याला माफी नाही.

२८ मेला न्यायाधीश कोठडीत आले तेव्हा ती पुन्हा पुरुषी कपड्यांत होती. का? एक कारण त्या दिवशीच्या नोंदीतच आहे: पुरुषांच्यात राहायचं तर हेच बरं, आणि दिलेला शब्द तुम्ही पाळला नाही. शिपायांचा त्रास, कपडे काढून घेणं, अशी आणखी कारणं पुढच्या साक्षीदारांनी सांगितली. मग विचारलं, गुरुवारपासून आवाज ऐकलेस का? ती म्हणाली, हो. जीव वाचवायला मी माघार घेतली हा द्रोह झाला, असं त्या आवाजांनी मला सांगितलं.

या उत्तराशेजारी समासात लेखनिकाने दोन लॅटिन शब्द लिहिलेत : ‘रेस्पॉन्सिओ मॉर्टिफेरा’. घातक उत्तर. ते शब्द लिहिणाऱ्याला त्या क्षणी कळलं होतं की ही मुलगी आता वाचत नाही. दोन दिवसांनी ती गेली. राख सेन नदीत टाकली, म्हणजे कुणी अवशेष म्हणून जपू नये.

पंचवीस वर्षांनंतरचे साक्षीदार

चार्ल्सने १४४९ मध्ये रुआं जिंकलं आणि ते कागद त्याच्या हाती आले. आपला मुकुट पाखंडी बाईमुळे मिळाला, हा डाग त्यालाही नको होता. नोव्हेंबर १४५५ मध्ये तिची म्हातारी आई इझाबेल पॅरिसच्या नोत्र-दाममध्ये न्याय मागायला उभी राहिली. शंभराहून जास्त साक्षी झाल्या आणि ७ जुलै १४५६ रोजी पहिला निकाल रद्द ठरला.

मग हा दुसरा खटला खरा आणि पहिला खोटा? तसं नाही. आता वारं उलट्या दिशेने वाहत होतं. १४३१ मध्ये जे तिच्याविरुद्ध बसले होते, त्यांना १४५६ मध्ये बरंच काही आठवेनासं झालं. तोमा द कुर्सेल हा विद्वान घ्या. तिचा छळ करून वदवून घ्यावं का, यावर मत घेतलं तेव्हा तिघांनीच होकार दिला होता. त्यांतला हा एक. पंचवीस वर्षांनी त्याची साक्ष ‘आठवत नाही’ने भरलेली आहे.

पण गावकऱ्यांच्या साक्षी मात्र जीव लावून वाचाव्यात. ओव्हिएत नावाची बालमैत्रीण सांगते की झान देवळात फार जाते म्हणून लोक बोलत आणि ती लाजे. ती कधी निघून गेली ते मला कळलंच नाही, मी खूप रडले. पंचेचाळिशीची बाई कोर्टात येऊन हे सांगते. राजाला याचा काही उपयोग नव्हता. म्हणून मला ते खरं वाटतं.

घरबसल्या वाचता येत नाही का?

येतं. दोन्ही खटल्यांचे कागद ज्यूल किशराने १८४१ ते १८४९ या काळात पाच खंडांत छापले, आज ते फुकट वाचायला मिळतात. भाषांतरंही आहेत. ज्यांना जाणं शक्य नाही, त्यांनी यावर समाधान मानायला अजिबात हरकत नाही.

जाऊन मिळतं ते वेगळं. ओर्लेआंचा सरदार द्युन्वा साक्षीत सांगतो की धान्याच्या होड्या प्रवाहाविरुद्ध न्यायच्या होत्या, वारा उलटा होता, झान आली आणि वारा फिरला. पुस्तकात हा निव्वळ चमत्कार वाटतो. ल्वारच्या काठी उभं राहिलं की उथळ पाणी दिसतं, मधूनच वर आलेले वाळूचे पट्टे दिसतात, आणि वेढ्यातल्या शहरासाठी वाऱ्याची दिशा म्हणजे उद्याची भाकरी हे कळतं.

दुसरं म्हणजे, खरं काय आणि मागाहून उभारलेलं काय, हे ओळखण्याची सवय लागते. ओर्लेआंतलं ‘झान दार्कचं घर’ १९४० च्या बॉम्बफेकीत गेलं, आत्ताचं पुन्हा बांधलेलं आहे. रुआंत ‘झान दार्क मनोरा’ म्हणून दाखवतात तिथे ती कैदेत नव्हती. कोठडी त्याच किल्ल्याच्या दुसऱ्या बुरुजात होती. या मनोऱ्यात तिला ९ मे रोजी आणून छळाची हत्यारं दाखवली. ती म्हणाली, हातपाय उपटलेत तरी दुसरं काही सांगणार नाही, आणि सांगितलंच तर नंतर म्हणेन की जबरदस्तीने वदवलंत. जाळलं त्या जुन्या बाजारात आता १९७९ चं आधुनिक चर्च आहे, आणि त्यात १९४४ मध्ये उद्ध्वस्त झालेल्या दुसऱ्या चर्चच्या सोळाव्या शतकातल्या रंगीत काचा बसवल्यात. लढाईआधी काढून ठेवल्या म्हणून त्या वाचल्या.

सगळ्यात मोठा धडा शिनोंच्या बरणीचा. झानचे अवशेष म्हणून शिनोंत जपलेली ही काचेची बरणी पॅरिसच्या औषधविक्रेत्याच्या माळ्यावर १८६७ मध्ये सापडली होती. २००७ मध्ये तपासणी झाली तेव्हा आत निघाला इजिप्शियन ममीचा तुकडा आणि मांजराचं हाड. फसवणारा कोण, यापेक्षा मला जवळजवळ दीडशे वर्षं जपणाऱ्यांची ओढ महत्त्वाची वाटते. लोकांना तिचं काहीतरी हातात हवं होतं.

ती आजारी होती का, आणि ती कोणाची?

तेराव्या वर्षापासून आवाज ऐकू येत, मग हा मेंदूचा आजार असेल का? अपस्मार, स्किझोफ्रेनिया, क्षय, अशी अनेक निदानं सुचवली गेली आहेत. सहाशे वर्षांपूर्वीच्या, शत्रूने विचारलेल्या प्रश्नांच्या उत्तरांवरून निदान करणं मला धोक्याचं वाटतं. तिच्या काळातल्या कुणाला आवाज ऐकू येण्याचं आश्चर्य नव्हतं. त्यांचा प्रश्न होता, आवाज देवाचा की सैतानाचा? तो त्यांच्या बाजूने समजून घेणं हाच अभ्यास.

आणि ती कोणाची, यावर फ्रान्समध्ये अजून भांडण आहे. १९२० मध्ये चर्चने संत ठरवलं, त्याच वर्षी प्रजासत्ताकाने तिच्या नावे राष्ट्रीय दिवस केला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या सरकारनेही तिला पोस्टरवर घेतलं, आणि जर्मनांविरुद्ध लढणाऱ्यांनी तिच्या लोरेनचा क्रॉस निशाणावर. पुढे कडव्या उजव्या पक्षाने १ मेला तिच्या पुतळ्यापाशी मोर्चे नेले. कोर्समध्ये हे टाळलेलं असेल, तर कोर्स अर्धवट आहे.

आता पैशाचं आणि कागदपत्रांचं

युरोपातलं क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याच्या २५ ते ३० तासांच्या कामाचं माप. तीन क्रेडिट लिहिली असतील, तर घरचं वाचन धरून ७५ ते ९० तास काम हवं. वेळापत्रकात फक्त भेटी आणि जेवणं दिसत असतील, तर ती सहल आहे, आणि सहलीचेच पैसे द्यावेत. ती क्रेडिट आपलं कॉलेज धरणार का, हे निघण्यापूर्वी लेखी घ्यावं.

तीन आठवड्यांना अल्प मुदतीचा शेंगेन व्हिसा लागतो. १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत राहता येतं. प्रौढांसाठी शुल्क ९० यूरो, आणि किमान ३०,००० यूरोचा वैद्यकीय विमा. मेच्या सुरुवातीला ओर्लेआंत झानचा उत्सव असतो, शहरातली एक मुलगी चिलखतात घोड्यावरून निघते. तारखा जुळत असतील तर ते चुकवू नये.

त्या ताईंना मी शेवटी एकच विचारायला सांगितलं : आठवड्यातून किती तास मूळ खटल्याचे कागद वाचणार आहेत? त्यांनी तिथेच बसून मुलीकडून ईमेल लिहून घेतला.

उत्तर येईपर्यंत मुलीला मी एक काम दिलंय. ९ नोव्हेंबर १४२९ रोजी झानने रियों गावच्या लोकांना पत्र पाठवलं: तोफांची दारू, सोरा, गंधक, बाण लवकर पाठवा. मजकूर लेखनिकाच्या सराईत हातचा आहे. खाली सही आहे, ‘झान’. अक्षरं थरथरती, एकमेकांना धरून चालल्यासारखी. तिच्या हातची आज उरलेली सगळ्यात जुनी सही ती. त्याचा फोटो समोर ठेवून, ती सही करायला तिला किती वेळ लागला असेल, यावर एक पान लिहून आण म्हटलंय.